कोंडा जागचा हलला नाही

पाणी नासल्याच्या बाराव्या दिवशी आईडोह पुन्हा उघडायचा ठरलं, आणि त्यातलं पहिलं भोपळाभर पाणी उत्तरेश्वरानं प्यायचं, हेही ठरल्यातच जमा होतं. तसं ते ठरवायला बोकडदऱ्याची सगळी भिल्लवस्ती दुपारी डोहावर बसणार होती. पण वस्तीतल्या गोष्टी बैठकीत ठरत नसत. त्या चुलीपाशी ठरत आणि बैठकीत फक्त मोठ्यानं बोलल्या जात.

नियम सगळ्यांना पाठ होता. ज्याच्या हातून पाणी नासलं, त्यानं उपसून साफ केलेल्या डोहाचं पहिलं पाणी प्यायचं. बाकीच्यांनी उजाडेपर्यंत थांबायचं. तो जगला तर पाणी चांगलं झालं म्हणायचं. आणि तो जगला तरी त्यानं त्याच सकाळी वस्ती सोडायची, ती कायमची. यातून सुटायला एकच वाट होती. ज्याच्या घरचं माणूस त्या पाण्यानं गेलं, त्यानं उजाडायची वाट न बघता त्याच भोपळ्यातलं उरलेलं पाणी प्यायलं, तर कसूर वाटला गेला असं धरत, आणि वाटलेला कसूर कोणाला वस्तीबाहेर काढायला पुरत नसे. अशी वाट असल्याचं सगळे सांगत. तिच्यावरून कोणी गेल्याचं मात्र कोणाला आठवत नव्हतं.

बायना सकाळपासून छबूचे डोळे पुसत होती. पाणी उकळून निवलं होतं, त्यात फडकं बुडवायचं, पिळायचं, पुसायचं. हे पाणी दोन कोसांवरच्या गावच्या विहिरीचं. तिथं भिल्लांच्या बायांनी विहिरीला हात लावायचा नाही, खाली घडा धरून उभं राहायचं आणि कोणाला दया येईल तेव्हा वरून ओतलेलं घ्यायचं. मागच्या साली मानमोडीच्या तापानं घरटी माणूस नेलं, तेव्हासुद्धा अशी वेळ आली नव्हती. तेव्हा आईडोह होता.

"उजेड कळतो का गं?"

"कळतो."

"आनि मी?"

"तू काळी काळी दिसती. हालती तवा कळती."

"काळी तर मी हायेच की," बायना म्हणाली. सहा वर्षांच्या पोरीला हसू आलं, आणि ती हसली म्हणून बायनाला रडू आलं.

तिचा नवरा शहादेव दारात कुऱ्हाडीचा दांडा तासत बसला होता. दांडा केव्हाच तासून झाला होता. "आज डोहावर मी गप बसनार न्हाई," तो म्हणाला. "भाऊ हाय म्हून सोडू का? पोरीचे डोळे गेले. केसरआत्याचा पंडित गेला. अजून दोन म्हातारी मानसं गेली. बांध कोनी बांधलता? उत्तरेश्वरानं. घाई कोनाला झालती? त्यालाच."

बायनानं फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं. त्याच्या बोलण्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं, आणि तरी ते तिच्या गळी उतरत नव्हतं.

बोकडदऱ्यात दोन डोह होते. वरचा उथळ, तो लेकडोह. खालचा खोल, कधी न आटणारा, तो आईडोह. दरसाल अखितीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आदल्या दिवशी दोन्हींच्या मधल्या अरुंद गळ्यात दगडमातीचा बांध घालत आणि दिवाळीपासून साठवलेल्या सीताफळाच्या बिया कुटून ती पूड लेकडोहात सोडत. मासे गुंगून वर येत, पोरंसोरं ते हातानं वेचत. आईडोहाला कोणी बोट लावत नसे, कारण प्यायचं पाणी तेच आणि पुढच्या सालचे मासेही तिथलेच. म्हणून पूड सोडण्याआधी बांधाजवळ लेकडोहाच्या पाण्यावर मूठभर जोंधळ्याचा कोंडा टाकायचा. कोंडा जागच्या जागी राहिला तर बांध पक्का. तो बांधाकडे सरकू लागला तर पाणी खाली झिरपतंय, त्या दिवशी काम बंद.

कोंड्याकडे बघायचं एकट्या नाईकानं. बाकीच्यांनी पाठ फिरवून उभं राहायचं. कोणा खापरपणज्याच्या काळी चौघांनी मिळून बघितलं, चौघांनी चार गोष्टी सांगितल्या आणि दोन डोकी फुटली, तेव्हापासून ही रीत. पुढं लोक डोकी विसरले आणि पाठ फिरवणं देवाचं होऊन बसलं.

त्या दिवशीही बायनाचा सासरा, तात्याबा नाईक, बांधावर ओणवा झाला होता. बघून म्हणाला, "कोंडा जागचा हलला न्हाई. टाका." उत्तरेश्वरानं टोपली रिकामी केली. दुपारी छबू आईडोहात डोळे उघडे ठेवून बुड्या मारत होती. संध्याकाळी आईडोह पांढऱ्या पोटांच्या माशांनी भरला. दोन दिवसांत त्यांचा सडका वास घरात यायला लागला, पण प्यायला जवळ दुसरं पाणी नव्हतं, म्हणून लोक तेच पीत राहिले. चौथ्या दिवशी पंडितला ओकाऱ्या सुरू झाल्या. आणि नाईकानं बघितलं तेव्हा बांध पक्का होता, म्हणजे तो नंतर खचला, म्हणजे उत्तरेश्वरानं तो कच्चा बांधला. असा सगळा सरळ हिशेब होता.

तात्याबा झोपडीतून बाहेर आला आणि ओट्यावर टेकला. बायनाची सासू भिवराबाई त्याच्या मागोमाग होती. तिनं तांब्या त्याच्यापाशी ठेवला आणि हातातली पितळी कडी एकदा वाजवली. तात्याबानं डावीकडे हात नेला. हात सरळ तांब्यावर गेला नाही. बोटं आधी जमिनीवर चालली, तांब्याच्या बुडाला लागली, मग वर चढली.

बायनाच्या हातातलं फडकं थांबलं. छबू गेले बारा दिवस वाटी अशीच शोधत होती.

शहादेव बापाला काठी आणायला उठला तशी बायना सासूला म्हणाली, "आत्याबाई, जरा चुलीकडं या."

भिवराबाई आली. सुनेचा चेहरा बघूनच तिनं ओळखलं. गेलं दीड वर्ष ती याच क्षणाला भीत होती, आणि तो येईल तो शहादेवाकडून येईल असं धरून बसली होती. सुनेकडे तिचं लक्षच नव्हतं.

"मामंजींना कवापसनं दिसत न्हाई?"

"कोन म्हनतं दिसत न्हाई?" भिवराबाई म्हणाली. "वय झालंय. संध्याकाळचं जरा..."

"सकाळ हाय आत्याबाई."

भिवराबाई मटकन बसली. कडी वाजली, तिकडं ओट्यावर तात्याबानं मान डावीकडे वळवली. ते दोघींनी बघितलं. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

"मानमोडीच्या आधीपसनं," ती हळू म्हणाली. "पहिलं धुकं धुकं. मंग तेबी गेलं. एकदा वाजवलं की डावीकडं, दोनदा वाजवलं की उजवीकडं. त्या दिवशी बांधावर मी न्हवते. बायांना तिथं येऊ देत्यात का?"

"सांगितलं कावून न्हाई?"

"कुनाला सांगू? घाटाची रखवाली नाईकाच्या नावावर. त्याचा बिल्ला छातीवर हाय म्हून कचेरी आपल्याला डोंगरात राहू देती. आंधळा राखनदार कोन ठिवल? बिल्ला गेला तर घाट दुसऱ्याला देतील. मंग आपल्याला लाकूडफाटा न्हाई, मध न्हाई, पाय ठिवायला जागा न्हाई." ती थांबली. जे बोलली ते खरं होतं, पण सगळं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. "आनि त्येंची मान खाली जाईल. ती मला बघवंना."

"म्हून उत्तरेश्वराला घालवता?"

हा प्रश्न भिवराबाईनं स्वतःला इतक्या वेळा विचारला होता की तो आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिला संताप आला. "त्यो तरुन हाय. माझा भाऊ धर्मापुरीकडं राहतो, तिथं जाईल. जगंल. ह्या म्हाताऱ्याला बाहीर काढलं तर त्यो घाटाच्या खालीसुदिक पोचनार न्हाई. त्यो डोंगरात जाऊन बसलाय, तिथं मी भाकर घेऊन गेलते, त्याला सारं बोलले. त्यो म्हनला, माय, मी गप बसतो."

"त्याला ठाव हाय?"

"त्याला आधीच ठाव होतं." भिवराबाईनं सुनेचे पाय धरायला हात पुढं केले. सुनेचे पाय धरणारी सासू बोकडदऱ्यानं तोवर पाहिली नव्हती. "बायने, तुझ्या नवऱ्याला आवर. आनि तू कायबी बोलू नको. माझी आन हाय."

बायनानं पाय मागे घेतले. "मी एक शब्द बोलनार न्हाई," ती म्हणाली.

भिवराबाईला हायसं वाटलं. तिनं मान वर करून बघितलं असतं, तर बायना उठून कोंड्याच्या मडक्याकडे गेली आणि मूठभर कोंडा पदरात बांधून आली, तेही तिला दिसलं असतं.

दुपारी वस्ती डोहावर बसली. डोह आठवडाभर उपसला होता, सडके मासे खड्ड्यात पुरले होते, तळाचा गाळ काढला होता. आता कपारीतून झिरपलेलं कंबरभर पाणी साचलं होतं. ते निवळ दिसत होतं. पण निवळ ते आधीही दिसत होतंच. म्हणून कोणी काठाच्या फार जवळ बसलं नाही, आणि आयांनी पोरांचे दंड सोडले नाहीत.

केसरबाई तेवढी काठाला बसली होती. ती तात्याबाची धाकटी बहीण, आणि पंडित तिचा एकुलता एक. तिला काही वाटत नव्हतं. लोक येऊन बसत होते, कुजबुजत होते, मधूनच तिच्याकडे बघून मान खाली घालत होते, आणि तिला वाटत होतं, हे लवकर संपावं आणि घरी जाऊन पडावं. मग तिला आठवे की घरी कोणीच नाही.

उत्तरेश्वर डोंगराच्या बाजूनं उतरला आणि सगळ्यांपासून लांब एका धोंड्यावर टेकला. त्याचे गाल बसले होते. शहादेव उभा राहिला.

"लांब कावून बसला बे? इकडं ये. आत्याच्या समोर बस. तिला बघ, आनि मंग तोंड उघड."

उत्तरेश्वर आला आणि केसरबाईपुढं मांडी घालून बसला. "कसूर माझा हाय," तो म्हणाला. "बांध मी घातला. पानी मी पितो आनि उद्या जातो. कुनी वाद घालू नगा."

"वाद कोन घालतंय?" शहादेव ओरडला. त्याला वाद हवा होता. बारा दिवस त्यानं पाठ करून ठेवलेलं सगळं भावानं दोन वाक्यांत संपवून टाकलं होतं. "पंडित तुझ्याबरुबर एका ताटात जेवायचा! छबू तुझ्या खांद्यावर बसून बाजाराला जायची, वडवनीला! घाई कशाची झालती तुला?"

"न्हाई घाई झाली."

"मंग बांध खचला कसा?"

उत्तरेश्वरानं नजर खाली घातली. केसरबाईनं त्याच्याकडे बघितलं. लहानपणी तो आणि पंडित मध चोरून खात आणि पकडले गेले की उत्तरेश्वरच पुढं होऊन म्हणे, मी केलं. त्या वेळी तो असाच नजर खाली घालून बसे. पंडितनं केलेलं असे तेव्हा तर हमखास.

तिला पहिल्यांदाच काहीतरी टोचलं.

तेवढ्यात कोणीतरी शेजारी येऊन बसलं. बायना होती, कडेवर छबूला घेऊन. तिनं पदराची गाठ सोडली आणि केसरबाईच्या मुठीत कोंडा दिला. तोंडानं एक शब्द बोलली नाही. फक्त डोहाकडे बघितलं, मग तात्याबाकडे.

केसरबाईला कळलं नाही. पाणी उघडताना कोंडा टाकायची रीत नव्हती. तिनं मान वर केली तर समोर भिवराबाई दिसली, आणि त्या बाईचा चेहरा राखेसारखा झाला होता. एका मूठभर कोंड्याला वहिनी इतकी का भ्यायली?

केसरबाई उठली, काठाशी वाकली आणि कोंडा पाण्यावर टाकला.

"दादा," ती म्हणाली. "इकडं या. तुमी नाईक आहात. पोरानं पानी प्यायच्या आधी बघून सांगा, कोंडा कुनीकडं चाललाय?"

तात्याबा उठला. आठ पावलं, मग ओला वास, मग पायाखाली गार वाळू. त्यानं गुडघे टेकले. पुढं सगळं करडं होतं, गेलं वर्षभर होतं तसं. मागं माणसांची हालचाल थांबली होती. रीतीप्रमाणे सगळ्यांनी पाठ फिरवली असणार.

वारा डाव्या गालावर लागत होता. म्हणजे कोंडा उजवीकडे गेला असावा. किंवा वारा पाण्यापर्यंत पोचतच नसेल, कडा उंच आहे, मग तो जागेवरच असेल. त्या दिवशीही त्यानं असाच हिशेब केला होता. तीस वर्षांत बांध तीनदाच झिरपला होता. आजही झिरपला नसेल, असं म्हणून तो बोलून मोकळा झाला होता. आतादेखील तेच बोलता येण्यासारखं होतं. बहुतेक ते खरंही निघालं असतं.

मागं कडी वाजली. एकदा. थोडं थांबून पुन्हा एकदा. दोनदा, म्हणजे उजवीकडे. भिवरेनं पाठ फिरवली नव्हती.

"दादा?" केसर म्हणाली. "सांगा की."

"आत्या, नको," उत्तरेश्वराचा आवाज आला. "पाया पडतो. मी पितो म्हनलं ना!"

पोरगा का मधे पडतोय हे तात्याबाला एकदम कळलं, आणि कळल्याबरोबर त्याला लाज वाटली. ह्या पोराला ठाऊक होतं. ठाऊक असून तो बारा दिवस डोंगरात एकटा बसला होता.

"मला दिसत न्हाई," तात्याबा म्हणाला.

मागं वाळूत पावलं वळल्याचा आवाज झाला.

"कोंडा दिसत न्हाई. पानी दिसत न्हाई. केसरे, तू दिसत न्हाईस. त्या दिवशीबी दिसला न्हवता. मी अंदाजानं बोललो."

त्यानं छातीवर चाचपून बिल्ला काढला आणि वाळूत ठेवला. भिवराबाई रडत होती, तो आवाज त्याला ओळखता आला. मग उत्तरेश्वर बोलायला लागला, आणि थांबेचना.

"मी मान वळवलती, बा. मला दिसलं. कोंडा बांधाकडं चाललाता, मुंग्यांच्या रांगेवानी. तुमी म्हनलात जागचा हलला न्हाई, तर मला वाटलं माझेच डोळे खोटे. पाठ फिरवायची सोडून बघितलं म्हून देवानं उलटं दाखवलं. मी टोपली सोडली. बघून सोडली, बा. पंडित माझ्या शेजारी हुबा होता, त्यानं न्हाई मान वळवली. त्यो शहाना होता."

शहादेवाच्या हातातला कुऱ्हाडीचा दांडा जमिनीवर पडल्याचं ऐकू आलं.

"आई," छबूनं विचारलं, "आबाला बी दिसत न्हाई?"

"न्हाई दिसत."

"आबा, तुमाला कवापसनं दिसत न्हाई?"

"लई दिवस झाले, बाळा."

"मंग सांगितलं का न्हाई?" छबू म्हणाली. तिला खरंच नवल वाटलं होतं. "मला दिसंना झालं तवा मी लगीच आईला सांगितलं."

तात्याबाला आजवर कोणी मारलं नव्हतं. कचेरीच्या शिपायानंसुद्धा नाही. त्याला वाटलं, कोणीतरी आता मारावं. कोणी मारलं नाही. त्याच्यापुढं नुसता डोह झिरपत राहिला.

"भोपळा द्या," अखेर तो म्हणाला. "उत्तरेश्वराला कुनी देऊ नगा. पानी माझं हाय. उजाडलं की मी जाईन."

"बा, कुठं जाल तुमी?" शहादेव म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"उत्तरेश्वराला कुनी इचारलं होतं का, कुठं जाशील? भोपळा भर."

शहादेव उठला नाही. उत्तरेश्वरही उठला नाही. कोणीतरी पाण्यात उतरलं, भोपळा बुडल्याचा बुडबुड आवाज झाला, पावलं जवळ आली. तात्याबानं दोन्ही हात पुढं केले. हाताला काही लागलं नाही. त्यानं ते उजवीकडे नेले, तिथंही काही नव्हतं. सगळी वस्ती बघत होती आणि तो हवेत चाचपडत होता. कडी वाजली नाही. भिवरेनं हातातली कडी घट्ट धरून ठेवली असावी, किंवा काढून टाकली असावी.

मग कोणाचा तरी खरखरीत हात त्याच्या मनगटाला लागला आणि त्यानं ते डावीकडे वळवलं. भोपळा तळव्यांत आला.

तो प्यायला. पाण्याला गाळाचा वास होता, थोडा तुरटपणा होता. तो सीताफळाच्या बियांचा की कपारीच्या दगडाचा, हे त्याला सांगता आलं नसतं. निम्मा भोपळा पिऊन त्यानं दम खाल्ला. तोच भोपळा त्याच्या हातातून कोणीतरी ओढून घेतला.

"ए!" शहादेव ओरडला. "उजाडू तर दे!"

एक बाई किंचाळली, पोरं रडायला लागली. त्या गलक्यात तात्याबाला घोटांचा आवाज ऐकू आला. अगदी जवळ, हाताच्या अंतरावर. भरभर, दम न घेता, तळाशी काही उरू नये असे घोट.

"कोन पितंय?" त्यानं घाबरून विचारलं. "अरे, कोन पितंय?"

भोपळा वाळूत ठेवल्याचं त्याला ऐकू आलं.

"मी हाय, दादा," ती म्हणाली. "केसर."